पलीकडून हुं

सोमवार, ४ तारीख

ताई,

पाकीट फाडलंस म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलो. फोन तू कापतेस, म्हणून हा उद्योग. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू एक ओळ तरी वाचणारच. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा तू सोडत नाहीस.

मी धड आहे. मधल्या दोन वर्षांत बोटींचा गंज खरवडला, सिनेमाच्या दारात तिकिटं फाडली, एका माणसाच्या मधमाश्या सांभाळल्या. त्यांनी मला सांभाळलं नाही, डावा कान अजून जाड आहे. आता एका लाँड्रीत आहे. घरातले कपडे नाहीत, हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले. गाडीभर मळकं येतं, गाडीभर पांढरं जातं. खोली लहान आहे. खिडकीखाली एक सायकलवाला बसतो. पंक्चर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते तो बघतो, आणि वरून मी बघतो. परवा त्यापायी कामाला उशीर झाला. ते सोड.

बातमी ही की मी मुकादम झालो. हसू नकोस. मॅनेजर बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, "तू कमी बोलतोस, म्हणून तू." मी! ज्याला शाळेतल्या बाईंनी आख्खी चौथी हाताची घडी, तोंडावर बोट अशा अवस्थेत बसवला होता!

कमी का बोलतो ते त्यांना सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही.

तुझा
धाकटा

सोमवार, ११ तारीख

ताई,

उत्तर नाही. ठीक. मी लिहितो.

आधी यंत्र समजून घे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. तापलेला एक रूळ आहे, आडवा, कपाटाएवढा उंच. अलीकडे दोघी बायका ओली चादर आत घालतात. पलीकडे दोघं बाप्ये ती वाळलेली, कडक, गरम चादर धरतात आणि घडी करतात. मध्ये रूळ आणि वाफ. अलीकडच्याला पलीकडचा दिसत नाही. दोन्हीकडे एकेक लाल दोरी लोंबते, ओढली की सगळं थांबतं.

अलीकडे उभी असते टकळी. नाव दुसरं आहे, पण ते तिलाही आठवत असेल की नाही शंका आहे. पन्नाशीची, काटक. सकाळी डोक्याला फडकं बांधते तेव्हा तोंड सुरू होतं, संध्याकाळी फडकं सोडते तेव्हा बंद होतं. पलीकडे असतो मामा. तिचा नाही, कुणाचाच नाही, सगळ्यांचा मामा. साठीला टेकलेला, तोंडात फक्त एक अक्षर. आणि त्याच्या जोडीला लांब्या, ज्याचं डोकं तेवढं रुळावरून दिसतं.

"मग काय मामा, नणंदेनं जिना बांधला."

"हुं."

"माडी नाही, काही नाही. नुसता जिना. वर गेलं की आभाळ."

"हुं."

"मी म्हटलं, वन्सं, माडी कधी? तर म्हणे, आधी चढायची सवय तर होऊ दे!"

लांब्या वरून डोकावतो, "मावशी, नणंद तुमच्यावरच गेलीय. तुम्हीपण आधी बोलता, विषय मागून आणता."

"तू चादर धर रे, ताडमाडा. तुझ्या घडीत आणि गाठोड्यात फरक राहिला नाही."

हे दिवसभर. नणंदेचा जिना गेली दोन वर्षं चालू आहे असं कळलं, आणि तो अजून अर्ध्यावरच आहे.

मॅनेजर बाईंकडे हॉस्पिटलचं पत्र आलं. चादरींच्या घड्या तिरक्या येतात, आणि एका अभ्र्यातून कंगवा निघाला. (लांब्याचा.) बाई म्हणाल्या, "इथं काम हातानं होतं की तोंडानं? महिनाभरात मला त्या खोलीत फक्त यंत्राचा आवाज ऐकायचाय. नाहीतर मुकादम दुसरा बघते."

मला ही नोकरी हवी आहे, ताई. पहिल्यांदाच एका जागी खुंटीला सदरा टांगलाय.

मी टकळीला समजावलं. ती मान हलवत राहिली आणि माझं संपायच्या आत म्हणाली, "तुमच्या डाव्या कानाला काय झालं हो?" मग मी मधमाश्यांचं सांगत बसलो. अर्धा तास गेला.

रविवार, १७ तारीख

ताई,

जमलं! ऐक कसं ते.

आधी लेखी समज दिल्या. टकळीला तीन. पहिली बोलण्याबद्दल, दुसरी बोलण्याबद्दल, तिसरी समज देताना मध्ये बोलल्याबद्दल. माझं अक्षर तुला माहीत आहे, तरी मुद्दाम वळणदार काढलं. तिनं तिन्ही कागद घडी करून फडक्यात खोचले. घडी सरळ होती, हे मात्र सांगायला हवं.

मग माणसं फोडली. लांब्याला दुपारपुरता पलीकडून उचलून धुण्याच्या हौदाकडे लावला. चादरी सकाळीच उरकायच्या, तेव्हा दोघं धरायला. दुपारी नुसते अभ्रे घ्यायचे, अभ्रे काय, एकटा मामा धरू शकतो.

तरी बडबड चालूच. तेव्हा मला गंज खरवडण्याचे दिवस आठवले. तिथं आम्हाला कानात घालायला स्पंजाचे केशरी बोळे द्यायचे. मी बाईंना म्हटलं, यंत्राच्या आवाजानं कान जातात, सगळ्यांना बोळे द्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चाकाचा शोध लावलाय. वरून काळजी, आतून कुलूप. कुणी नाही म्हणूच शकत नाही! तोंड बंद करायचं तर कानापासून सुरुवात करावी, हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, मला आपोआप सुचलं.

गुरुवारपासून खोलीत फक्त यंत्र. अळीमिळी गुपचिळी. घड्या सरळ. बाई दारात उभ्या राहून हसल्या.

शुक्रवारी टकळी माझ्याकडे आली. बोळे हातात. "मुकादम, पलीकडे मामाच्या जोडीला कुणीतरी ठेवा. नाहीतर मला तरी बोलू द्या."

"का?"

तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं. "सहज," म्हणाली आणि गेली.

तिनं स्वतःहून वाक्य गिळलं, ताई! मी ते माझ्या विजयात धरलं.

बुधवार, २० तारीख

ताई,

काल कामावर मामाला लागलं. हात भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत, उजवा. जिवाला धोका नाही. तू काळजी करू नकोस, म्हणजे तू करत नसशीलच, पण तरी.

कसा भाजला, तर पडला आणि हात रुळाखालच्या पत्र्यावर गेला. का पडला? माणसं पडतात.

टकळीनं बोळे काढले होते. जागा सोडली होती. मी पोचलो तेव्हा ती बोलत होती. ओरडत होती म्हण हवं तर. हे चौघांनी पाहिलंय आणि नियम म्हणजे नियम.

सायकलवाल्याकडे आज एक बाई तीनचाकी घेऊन आली होती. तिचं मधलं चाक, म्हणजे पुढचं. जाऊ दे. आज काहीच धड लिहिता येत नाही.

शुक्रवार, २२ तारीख

ताई,

मी सही केली.

बाईंनी कागद तयारच ठेवला होता. अपघाताचं कारण : कामगार स्त्री बोलण्यात गुंतल्यानं तिचं कामाकडे दुर्लक्ष झालं. मी म्हटलं, "बाई, असंच असं नाही." बाई म्हणाल्या, "तीन समज कुणी दिल्या?"

"मी."

"ती बोलते हे तीनदा लिहिलंस. मग चौथ्यांदा लिहायला हात का जड झाला? आणि बोळे कुणाची कल्पना? चूक तिची नसेल तर बोळ्यांची. बोळे तुझे. बघ बाबा."

मी बघितलं. मग सही केली. टकळीला घरी बसवलंय. गुरुवारी, अठ्ठावीसला, चौकशी आहे, मालकांचा भाऊ येणार आहे. कारण पक्कं झालं की तिचं काम गेलं.

आता मंगळवारचं खरं सांगतो. बुधवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, नुसतं उलट्या बाजूनं लिहिलं.

दुपार होती. मी हौदापाशी लांब्याला चादरी मोजून देत होतो. ती अलीकडून अभ्रे घालत होती, मामा पलीकडे एकटा. तो कोसळला. मग शुद्धीवर येऊन हाका मारल्या असतील, ते कुणाला माहीत, सगळ्यांच्या कानात माझे बोळे. अभ्रे पलीकडे पडत राहिले. मध्येच टकळीला काय वाटलं कोण जाणे, तिनं बोळे काढले, नियम मोडून म्हणाली, "मग काय मामा, जिन्याला कठडा बसवला." पलीकडून काही नाही. पुन्हा म्हणाली. काही नाही. तिनं दोरी ओढली आणि वळसा घालून धावली. ओरडली ती तेव्हा. ते मी पाहिलं. त्याआधीचं तिच्या जोडीदारणीनं सांगितलं, तिचं बघून तिनंही एक बोळा काढला होता.

मामाच्या अंगावर एकेचाळीस अभ्रे होते. गरम, पांढरे, एकावर एक. मी उचलले तेव्हा उगाच मोजले. न मोजता राहवेना.

कागदावर सही केली तेव्हा टकळी तिथंच बसली होती. बाईंनी विचारलं, "तुला काही बोलायचंय?"

"नाही," म्हणाली.

टकळी! मला वाटलं होतं ती आता सुटेल, मला सात पिढ्यांवरून धुऊन काढेल. खाली मान घालून बसून राहिली. हे काय असेल, ताई?

मंगळवार, २६ तारीख

ताई,

काल मामाला बघायला गेलो. दोनदा दारातून परत फिरलो होतो, तिसऱ्यांदा नर्सनं विचारलं, "तुम्ही आत जाताय की दार सांभाळताय?"

मामा उजवा हात बांधून पडला होता. डाव्या हातानं चादरीचा कोपरा चाचपत होता. "तिरकी," म्हणाला. "आमचीच आहे." मी हसलो आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तो म्हणाला, "तिला घरी बसवलंय ना?"

"हो."

"तू लिहिलंस?"

"हो."

मग एवढं बोलला, जेवढं मी वर्षभरात त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रुळापाशी त्याला पहिली चक्कर आली. नुसती आली आणि गेली. टकळीनं पाहिलं. त्यानं हात जोडले, कुणाला सांगू नकोस, मला काढतील. ती म्हणाली, "सांगत नाही. पण मी बोलत राहणार आणि तुम्ही हुं द्यायचं. हुं आलं नाही तर मी पलीकडे येणार." बस. तेवढाच करार. नणंदेचा जिना म्हणजे तो.

"नणंद खरी आहे का?" मी विचारलं.

"नणंद आहे. जिना ठाऊक नाही."

आता समजलं ती का गप्प बसली. स्वतःला सोडवायला तोंड उघडलं तर मामाची चक्कर बाहेर येते. जगातली सगळ्यात बडबडी बाई एक गोष्ट दोन वर्षं पोटात घेऊन उभी आहे, आणि तिला गप्प करायला माणूस कोण नेमला तर मी.

चक्कर हा शब्द मी बुधवारी लिहिला नाही, तो आता लिहिलाच आहे. आपल्या दोघांत तो शब्द मी नासवला. तू एकदाच पडली होतीस, स्वयंपाकघरात, उपाशी पोटी, तापात. आणि मी चहाच्या टपरीवर लोकांना हसवायला सांगितलं की आमच्या ताईला चक्कर येते आणि ती शाळेची गाडी चालवते, मुलांनो, सीट घट्ट धरा. हातवारे करून सांगितलं. खूप हसले. आठ दिवसांत तुझ्या हातून गाडीची किल्ली काढून घेतली. सात वर्षांत तुझ्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. तू मला काहीच बोलली नाहीस. त्या दिवसापासून आजपर्यंत काहीच नाही. मी घर सोडलं आणि ठरवलं, जिभेला हाड नाही तर निदान कुलूप लावू. मग दुसऱ्यांच्याही तोंडाला लावत सुटलो.

आता परवा चौकशी. मी गप्प बसलो तर टकळी जाते. सगळं बोललो तर मामाचं काम जातं, जसं तुझं गेलं. तू इथं समोर असतीस तर काय म्हणाली असतीस? विचारतोय असं समज.

हे तुला लिहितोय म्हणजे पुन्हा पचकलोच, असं वाटेल. नाही. मी मामाला विचारलं, "माझ्या ताईला लिहू का?" तो म्हणाला, "लांब आहे का ती?" म्हटलं, "फार." म्हणाला, "मग लिही."

आयुष्यात पहिल्यांदा मी आधी विचारलं.

गुरुवार, २८ तारीख

ताई,

झालं.

लांब टेबल, एका टोकाला मालकांचा भाऊ, शेजारी मॅनेजर बाई. टकळी भिंतीशी स्टुलावर. फडकं बांधलेलं नव्हतं, त्यामुळे केस किती पांढरे आहेत ते पहिल्यांदा दिसलं. भावानं माझा कागद वाचून दाखवला. "ही सही तुझी?"

"माझी. पण मजकूर खोटा आहे."

बाईंनी चष्मा काढला.

मी सांगितलं. बोळे माझी कल्पना, कानांसाठी नव्हे, तोंडांसाठी. लांब्याला मी हलवला. म्हाताऱ्या माणसाला तापलेल्या रुळापाशी मी एकटं ठेवलं. ह्या बाई मला सांगायला आल्या होत्या की त्याच्या जोडीला माणूस द्या, आणि मी दिला नाही. त्यांनी नियम मोडला म्हणून तो माणूस सापडला. त्यांनी नियम पाळला असता तर मी एकेचाळीस नाही, शंभर अभ्रे मोजले असते.

"तू तर कमी बोलतोस असं ऐकलं होतं," भाऊ म्हणाला.

"चुकीचं ऐकलंत."

मग त्यानं तो प्रश्न टाकला. पेन उचलून, सहज. "त्या माणसाला आधी कधी चक्कर यायची का? काही माहिती?"

टकळीनं माझ्याकडे पाहिलं. ताई, आठ दिवसांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. माझी जीभ दातांपाशी आलेली होती, बघ, नेहमीसारखी, उडी मारायच्या तयारीत. सगळी गोष्ट तयार होती, जिना, नणंद, हुं. सांगितली असती तर खोलीतले सगळे ऐकत बसले असते. चांगली गोष्ट आहे ती.

मी म्हणालो, "मी माझ्यापुरतं सांगितलं. मामाचं मामाला विचारा."

तो पेन टेबलावर आपटत राहिला, मी पुढं बोललो नाही. गप्प बसणं इतकं जड काम आहे हे मला दोन वर्षं गप्प बसूनही कळलं नव्हतं.

टकळीला परत घेतलं. तिच्या तीन समज फाडल्या, भावानंच, तिरक्या. माझं काम गेलं. बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मूर्खा, तिला कुठंही काम मिळालं असतं." पन्नाशीच्या बाईला कुठंही काम मिळत नाही, ते त्यांनाही माहीत आहे.

बाहेर फाटकाशी टकळी उभी होती. मला वाटलं, चार शब्द चांगले बोलेल. तिनं फडकं झटकलं, डोक्याला बांधलं.

"मुकादम, बोललात ते बरं केलंत."

"मी आता मुकादम नाही."

"तरी एकेचाळीस झालेच होते," म्हणाली आणि आत गेली.

रविवार, ३१ तारीख

ताई,

खोली उद्या सोडायची. खुंटीवरचा सदरा काढला, तिथं भिंतीवर त्याच्या खांद्यांचा डाग पडलाय. सायकलवाल्याचा निरोप घेतला. तो म्हणाला, "तुम्ही वरून बघायचात ते मला माहीत होतं, म्हणून मी बुडबुडे नीट दाखवायचो."

आज हॉस्पिटलात गेलो होतो. मामानं आपल्या तोंडानं चक्कर डॉक्टरला सांगितली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेपासून लांब राहा, तपासण्या करू. त्यानं स्वतः बाईंकडे निरोप पाठवला की मला रूळ नको, खिडकीजवळचं घड्या मोजायचं टेबल द्या. देतील की नाही, अजून कळलेलं नाही. हात बरा होईल, पण मूठ पुरती मिटणार नाही असं म्हणतात. हे कुणाच्या खात्यात लिहायचं ते तुला सांगायला नको.

मी दाराबाहेरच थांबलो, कारण आत टकळी होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फडकं बांधून आली होती.

"...आणि मग काय, कठडा बसला तर नणंद म्हणते, आता माडी कशाला? संध्याकाळी जिन्यात बसलं की वारा किती छान येतो."

आतून काही नाही.

ती थांबली. मीही थांबलो. माझा हात दाराच्या कडीवर गेला, खरं सांगतो.

"हुं," मामा म्हणाला. झोपेत होता बहुतेक.

मी तसाच परत आलो आणि हे लिहायला बसलो.

पुढच्या रविवारी, सात तारखेला, दुपारी चार वाजता मी फोन करीन. कापू नकोस. तुला काही बोलायचं नाही हे मला ठाऊक आहे, आणि मी ते मागतही नाही. माफीबद्दल तर अवाक्षर काढणार नाही, ती तुझी वस्तू आहे. मी फक्त बोलत राहीन, मधमाश्यांचं, बोटींचं, नणंदेच्या जिन्याचं. तू पलीकडून नुसतं हुं म्हण. एकदाच म्हटलंस तरी चालेल.

आणि हुं आलं नाही, तर मी फोन ठेवून गप्प बसणार नाही. दोरी ओढून वळसा घालीन आणि पलीकडे बघायला येईन.

तुझा
धाकटा